चांद्याच्या पसंतीचे दिवे

सन सेहेचाळीसच्या हिवाळ्यात रुईखेडच्या जगदेवकडे एक लॉरी होती. लॉरीला दोन डोळे होते, पण एकही धड नव्हता. लढाई संपल्यावर मिलिटरीचं जुनं सामान लिलावात निघालं, त्यातून ती त्याच्या पदरी पडली होती. विमानातून दिसू नये म्हणून मिलिटरीवाल्यांनी डाव्या दिव्यावर पत्र्याची टोपी घालून बोटभर फट ठेवली होती, आणि टोपी काढायला गेलं तर दिवाच हातात येईल अशी भीती होती. उजव्या दिव्याचा आतला आरसा इतका गंजला होता की त्याच्या उजेडात तो दिवा पेटलाय एवढंच काय ते दिसे. अशा लॉरीतून अंधारात जायचं म्हणजे देवाचं नाव घ्यायचं आणि खड्डे मोजत जायचं.

आणि जावं तर अंधारातच लागे. रुईखेड हे मानोऱ्याकडचं काळ्या मातीचं गाव. दिवाळी झाली की घराघरांत कापूस आढ्याला टेकायचा, आणि त्याला वाट एकच, कारंज्याची. तिथल्या जिनिंग फॅक्टरीचं फाटक दिवस उगवताना उघडे. तेव्हा जो दारात हजर, त्याचा कापूस त्याच दिवशी उतरे. उन्हं अंगावर घेत जो पोचे, त्यानं दुसऱ्या दिवसापर्यंत फाटकाबाहेर शेंगा फोडत बसावं. म्हणून गावच्या अकरा बैलगाड्या रात्रीची जेवणं उरकून जुंपल्या जात, आणि जगदेवची लॉरी पहाटे निघे.

त्या अकरा गाड्यांच्या पुढे असे जगदेवच्या बापाची, पुंजाजीची गाडी. आणि पुंजाजीच्या गाडीला उजवीकडे असे चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका असलेला हा बैल म्हणजे गावचं एक प्रस्थ होतं. कारंज्याची वाट त्याला पाठ होती. कुठला पूल कच्चा, कुठल्या वळणावर डावीकडे दाबायचं, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. गाव सुटलं की पुंजाजी कापसावर घोंगडी पांघरून आडवा होई, आणि मागचे दहा धुरकरीही आपापल्या गाडीवर आडवे होत. चांद्या चाले, त्याच्या मागे बाकीचे बैल चालत, आणि अकरा माणसं घोरत घोरत कारंज्याला पोचत. एवढ्या वर्षांत एकदाही चूक नाही.

"ज्याच्या मांगं झोप लागते, त्यालेच वाहन म्हनाव," असं पुंजाजी म्हणे. हा टोला कोणाला आहे ते साऱ्या गावाला कळे. जगदेवनं लॉरी घेतली त्याला वर्ष होत आलं होतं, पण म्हातारा एकदाही तिच्यात बसला नव्हता. जगदेवनं तीनदा विचारलं. तीनदा पुंजाजी चांद्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढत राहिला. बापानं शिव्या दिल्या असत्या तर जगदेवला इतकं लागलं नसतं. बापाला शेजारी बसवून कारंज्याच्या बाजारातून लॉरी न्यायची, ही त्याची मनातली हौस होती, आणि ती तो बायकोलासुद्धा धड सांगत नसे.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी कारंज्याला कापूस उतरवून जगदेव फुलचंदच्या दुकानात गेला. फुलचंद मोटारीचे सुटे भाग विकायचा. माणूस गोड होता, आणि गिऱ्हाईक पायरी चढताना जितकं खूश असे त्यापेक्षा उतरताना जास्त खूश असावं, याची तो काळजी घेई. घरी गेल्यावर ते काय म्हणतं, याची नाही. जगदेवसोबत धरमसिंग होता. हा जवळच्या तांड्यावरचा, लॉरीवर जगदेवचा जोडीदार. नट आवळणं, चाक बदलणं आणि जगदेवला खरं सांगणं ही त्याची तीन कामं. पहिल्या दोन कामांचे त्याला आभार मिळत.

"दिवे पाह्यजे, सेठ," जगदेव म्हणाला. "हे दोन आंधये हायेत. त्यायच्या जोडीले लावाचे."

फुलचंदनं आधी दोन छोटे दिवे काढले, वाटीएवढे. ते बंपरच्या खाली लावायचे, रस्त्यावर उजेड पाडायचे. जगदेवनं ते हातात घेऊन पाहिले आणि खाली ठेवले. मग फुलचंदनं मधल्या मापाचा एक दिवा दाखवला, तोही जगदेवला लहान वाटला. मग फुलचंद आत गेला आणि दोन्ही हातांत कवटाळून, पोर आणावं तसा, एक दिवा घेऊन आला. परातीएवढी काच, मागे मूठ, मूठ फिरवली की दिवा वळे.

"हा टपावर बसतो," फुलचंद म्हणाला. "मिलिटरीचाच हाय. आस्मानातलं विमान शोधायचे यानं. कोसभर उजेड जातो, जगदेवभाऊ. रुईखेडच्या टेकाडावर लावा, मानोऱ्यातला माणूस जेवतो का झोपतो ते कळेल."

"मानोऱ्यातला मानूस जेवते का झोपते, ते पाहून आपल्याले काय कराचं हाये?" धरमसिंग म्हणाला. "भाऊ, ते खालचे घ्या. आपल्याले रस्ता पाहाचा हाये, इमान नाई. अन् हा बॅटरी पिऊन टाकीन."

पण जगदेवची नजर त्या परातीवर खिळली होती. त्याच्या डोळ्यांपुढे उभा होता टपावरचा तो दिवा, दुरून दिसणारी लॉरी, आणि पाराजवळ बसलेला बाप मान वर करून विचारतोय, "हे कोनाची गाडी हाये बा?" हौसेला मोल नाही म्हणतात. जगदेवनं परात घेतली.

दिवा टपावर बसवता बसवता रात्र झाली. गावाच्या अलीकडे दोनेक कोसांवर एक चढ आहे, तिथे लॉरी आली तेव्हा मध्यरात्र व्हायची होती. जगदेवनं लॉरी थांबवली आणि मूठ गावाकडे वळवून बटण दाबलं.

काय तो उजेड! लिंबाची पानं मोजून घ्यावी असा. एक कोल्हा रस्त्याच्या मधोमध उभा होता, तो चोरी पकडल्यासारखा खाली मान घालून निघून गेला. दूर, फार दूर, काहीतरी पांढरं हललं. जगदेव हरखून गेला. त्यानं दिवा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, आभाळात मारला.

"पाह्यलं का, धरमसिंग?"

"पाह्यलं. आता बंद करा."

"थोडा थांब."

त्या थोड्याच थांबण्यात दिवा पिवळा झाला, मग लाल झाला, मग गेला. इंजिन फुरफुरलं आणि तेही गेलं. दिव्यानं बॅटरी पिऊन टाकली होती. दोघांनी ढकललं, शिव्या दिल्या, मारुतीचं नाव घेतलं. लॉरी हलली नाही. शेवटी रिकाम्या बोऱ्या अंगावर ओढून दोघे तिथेच झोपले. सकाळी एका शेतकऱ्यानं आपली बैलजोडी लॉरीला जुंपली आणि ओढत ओढत रुईखेडात आणली. मोटारवाल्याची अशी वरात निघाल्यावर आणखी काय लाज जायची राहिली, असं जगदेवला वाटलं. पण राहिली होती.

गावात शिरला तो काय पाहतो? अकराच्या अकरा कापसाच्या गाड्या आपापल्या दारात उभ्या.

काय घडलं होतं ते तुळसाबाईनं, त्याच्या बायकोनं, सांगितलं. झुंजुमुंजू झाल्यावर ती सडा टाकायला बाहेर आली. पाहते तर दारात भरलेली गाडी, बैल शांतपणे रवंथ करतायत आणि वर सासरा घोरतोय.

"मामंजी," ती म्हणाली, "मामंजी, उठा ना!"

पुंजाजीनं घोंगडीतून डोकं काढलं. "उघडलं का फाटक?"

"कोनतं फाटक? आपलं घर हाये हे."

म्हाताऱ्यानं घराकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, तिच्या हातातल्या शेणाच्या बादलीकडे पाहिलं. "कारंज्याले तू काहून आली?" त्यानं विचारलं.

तोवर दुसऱ्या दारात, तिसऱ्या दारात हाच तमाशा चालू झाला. एक धुरकरी तर खाली उतरून आपल्याच आईला, "काटा कोनाकडे हाये?" असं विचारत होता. झालं असं होतं, की चढावरून तो राक्षसी उजेड थेट डोळ्यांत आल्याबरोबर चांद्या थबकला. पुढे वाट दिसेना. मागे अंधार होता, आणि अंधारातली वाट त्याला पाठ होती. शहाणा बैल तो. त्यानं शेताच्या धुऱ्याशी, बांधाजवळ, जागा पाहून, चाक दगडाला न लावता, अशी गाडी वळवली की वर झोपलेल्याची कूसही बदलली नाही. त्याच्या मागे दहा गाड्या वळल्या. बैलांना काय, घराकडे जायला कोणता बैल नाही म्हणतो?

बाया दिवसभर विहिरीवर हसत होत्या. बाप्यांना मात्र हसू येत नव्हतं. संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळे जमले. कोणी म्हणालं लॉरीच बंद करा, कोणी म्हणालं रस्त्यात धोंडे घाला. जगदेव मान खाली घालून उभा होता. शेवटी पुंजाजी बोलला. मुलाकडे न पाहता, समोरच्या खांबाशी बोलल्यासारखा बोलला.

"दिवा लावाचा त्यानं लावाव. आंधयी लॉरी फिरवून कोनाच्या अंगावर घातली त तेही पाप आपल्याच घरावर येईन. पन दिवा असा पाह्यजे, का चांद्या त्याले भ्याला नाई पाह्यजे. येत्या बजारच्या दिवशी पहाटे आमच्या गाड्या अडान नदीच्या उतारावर राहतीन. समोरून तू ये. चांद्या थांबला, पाह्यलं अन् चालाले लागला, त तुही लॉरी अन् तुहा रस्ता. चांद्या वयला, नाईत उधयला, त त्या दिसापासून दिवेलागनीनंतर लॉरी दारात. मंग चाकं काढून कोंबड्या ठेव तिच्यात."

सगळ्यांनी माना हलवल्या. चांद्याचा शब्द मोडील असा माणूस गावात नव्हता. जगदेव मात्र मनात हिशेब करू लागला. लॉरी रात्री दारात म्हणजे हंगाम गेला, आणि हंगाम गेला म्हणजे लॉरीच गेली. आणि बाप? तो तर मग जन्मात शेजारी बसत नाही.

बाजाराला सहा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी जगदेव परात घेऊन फुलचंदकडे गेला. फुलचंदला सगळी हकिगत आधीच कळली होती. कारंज्यात ती कळली नाही असा माणूसच राहिला नव्हता. त्यानं परात आत नेली आणि ते वाटीएवढे दोन दिवे बाहेर आणले. त्यालाही कुठे तरी लाज वाटली असावी. धरमसिंगनं दिवे उचलले आणि पाना घेऊन बंपरखाली शिरला. ते जगदेवला फार टोचलं.

छोटे दिवे बंपरखाली बसले. संध्याकाळी जगदेवनं लॉरी अंगणात आणून गोठ्याकडे तोंड केलं आणि दिवे लावले. चांद्यानं डोळे पांढरे केले, एक उसळी मारली, आणि दावं तोडून परसातल्या तुरीत गेला. पुंजाजी त्याला घेऊन आला, बांधला, पाठीवरून हात फिरवला आणि आत गेला.

मग सुरू झाले प्रयोग. जगदेवनं दिव्यांवर धोतराचं फडकं बांधलं, ते करपलं. पळसाची पानं बांधली, ती तडतडून गळून पडली. जुन्या पंचांगाची पानं चिकटवली, तर उजेडही गेला आणि पंचांगही. धरमसिंगनं आपल्या बायकोचा, सोनीबाईचा, काचा लावलेला लाल ओढणीचा तुकडा आणला. त्याच्यातून असे काही लाल ठिपके नाचले की चांद्या तर चांद्या, दारातलं कुत्रंही गाव सोडून गेलं. सोनीबाई दुसऱ्या दिवशी येऊन तुकडा परत घेऊन गेली, आणि जाताना दोघांना ऐकू जाईल असं बंजारीत काहीतरी बोलली.

बाजाराच्या आदल्या दिवशी जगदेवनं हात टेकले. अंगणात लॉरीच्या पायरीवर डोकं धरून बसला. तुळसाबाई आतून पाहत होती. या पाच दिवसांत नवऱ्याचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. आणि तिच्या मते या सगळ्याचं कारण अगदी सरळ होतं.

"अवो," ती म्हणाली, "या दिव्यायची पूजा केली का तुमी?"

"कायची पूजा?"

"लॉरी आली तवा मी तिले हयद-कुंकू लावलं होतं. नवीन विळा आनला त त्याले लावतो. सूप आनलं त त्याले लावतो. अन् हे दिवे घरात आले, त तसेच अंधारात नेऊन बसवले. मंग कसं होईन बरं?"

"तुले जे कराचं ते कर," जगदेव म्हणाला आणि उठून नदीवर गेला.

तुळसाबाई ताट घेऊन आली. पहिल्यांदा तिनं कोरड्या हळदीचं बोट लावलं, तर गुळगुळीत काचेवर ते टिकेना. पुन्हा लावलं, पुन्हा गळलं. हळद गळणं काही चांगलं नाही. मग तिनं वाटीत जवसाचं तेल घेतलं, त्यात चांगली मूठभर हळद कालवली, आणि बोटानं न लावता तळहातानं लावली. दोन्ही काचा या काठापासून त्या काठापर्यंत सारवल्या. नवऱ्याचं अर्धं जेवण आठवून आणखी एक हात दिला. मधोमध कुंकवाचा टिळा टेकवला. मग दिवे नीट कामाला लागावेत म्हणून धरमसिंगला सांगून ते घडीभर पेटवून ठेवले. काचा तापल्या, जवसाचं तेल वाळलं, आणि हळद काचेला अशी बसली जशी भांड्यावर कल्हई.

जगदेव आला आणि पाहतच राहिला.

"हे काय करून ठेवलं?" तो ओरडला. "आता रस्ता कसा दिसन? आन फडकं, रॉकेल आन!"

त्यानं फडकं रॉकेलमध्ये बुडवलं सुद्धा. पण तुळसाबाई दिव्यांपुढे येऊन उभी राहिली. एरवी ती नवऱ्यापुढे आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही.

"हयद-कुंकू पुसाले निंगाले तुमी?" ती म्हणाली. "माया हातानं लावलेलं? सवाष्णीनं लावलेलं, दिवेलागनीच्या वक्ती?"

जगदेवचा हात तिथेच थांबला. धरमसिंगनं हळूच फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. असं कुंकू पुसायला निघालेला पुरुष त्या गावात जन्मला नव्हता, आणि जन्मला असता तरी तो पहिला आपण व्हावं असं जगदेवला वाटलं नाही. परीक्षा तर हातची गेलीच होती. निदान घर तरी राहावं, असा त्यानं विचार केला, आणि अर्धं जेवून जुन्या आंधळ्या दिव्यांवरच कारंज्याकडे निघाला, पहाटे तिकडून यायला.

पहाटे अडाणच्या अलीकडे धुकं होतं. मार्गशीर्षातलं नदीकाठचं धुकं म्हणजे पुढच्या माणसाची पाठ दिसू नये असं. या धुक्यात आंधळ्या दिव्यांनी काही दिसायचं नाहीच, आणि छोटे दिवे पांढरे होते तेव्हा त्यांचा उजेड समोर भिंतीसारखा उभा राही. ते जगदेवनं दोन पहाटे अनुभवलं होतं. आज त्यानं दात-ओठ खाऊन बटण दाबलं.

उजेड पडला तो पिवळा, मऊ, खाली खाली, साखरभातासारखा. आणि त्या उजेडात रस्ता दिसत होता. दहा हात, वीस हात, कडेचा दगड, चाकोरी, चाकोरीतलं पाणी.

"धरमसिंग," जगदेव दबक्या आवाजात म्हणाला, "मले दिसून राह्यलं."

"मलेबी," धरमसिंग म्हणाला. "पन मले दिसून काय फायदा? चांद्याले काय दिसते ते पाहा."

उताराच्या तळाशी घुंगरांचा आवाज आला. जगदेवनं लॉरी कडेला घेऊन उभी केली. इंजिन चालू, दिवे चालू, आणि छातीत धडधड अशी की ती इंजिनाची की आपली ते कळेना. धुक्यातून आधी कपाळावरचा पांढरा ठिपका आला, मग शिंगं, मग चांद्या. आज कोणी झोपलं नव्हतं. अकरा धुरकरी कासरे आवळून ताठ बसले होते, आणि पुढे पुंजाजी, घोंगडी खांद्यावर.

चांद्यानं दिवे पाहिले आणि थांबला. कान पुढे झाले. नाकपुड्या फुलल्या. पुंजाजीनं कासरा सैल सोडला, कारण निकाल बैलाचा होता, त्याचा नव्हता. जगदेवनं डोळे मिटले.

फुर्र असा आवाज झाला. मग जोखडाचा कुरकुर आवाज, एक पाऊल, दुसरं पाऊल. जगदेवनं डोळे उघडले तेव्हा चांद्या लॉरीच्या तोंडाशी आला होता. त्यानं मान खाली घातली, डाव्या दिव्याजवळ नाक नेलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. आणि मग लांबलचक जीभ काढून त्यानं दिव्याच्या काठावर ओघळलेलं हळदीचं तेल चाटलं.

 मग पुंजाजी गाडीवरून उतरला. वाकून त्यानं दिव्याच्या काचेजवळ नाक नेलं, आपल्या बैलासारखंच.

"हयद," तो म्हणाला. "जवसाच्या तेलात. कोनाची अक्कल हे?"

"तुमच्या सुनेची," धरमसिंगनं लगेच सांगितलं.

पुंजाजी कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मोठ्यानं हसला. वर्षभरात जगदेवनं हे हसणं ऐकलं नव्हतं. "अरे, पोयाच्या आदल्या दिवशी आपन त्याचे खांदे कायनं शेकतो? तेल-हयदीनंच ना! त्याले वाटलं, लॉरीचा पोया हाये. हे त्याच्या शेजारचा बैल हाये म्हने!"

मागच्या दहा गाड्यांवरून हसू उतारभर पसरलं. चांद्या भ्याला नाही तो हळदीच्या वासानं, की त्या मऊ पिवळ्या उजेडानं, यावर रुईखेडात पुढे पुष्कळ भांडणं झाली. तुळसाबाई म्हणे, पूजेनं. तिच्याशी कोणी भांडलं नाही. फुलचंदनं मात्र महिन्याच्या आत दुकानात 'हळदी दिवे' म्हणून पिवळ्या काचेचे दिवे ठेवले, आणि ही युक्ती आपल्याला फार आधीपासून ठाऊक होती असं तो सांगू लागला.

पण ते नंतर. त्या पहाटे चांद्यानं चाटून झाल्यावर मान वर केली, डावीकडे दाबलं, आणि लॉरीच्या बाजूनं गाडी सरळ काढली. थांबला, पाहिलं, चालायला लागला. एका शब्दाचा फरक नाही.

"तुही लॉरी अन् तुहा रस्ता," पुंजाजी म्हणाला. या वेळी खांबाशी नव्हे, मुलाशी बोलला. मग घोंगडी झटकली आणि नीट खांद्यावर घेतली. "फिरव हे," तो म्हणाला.

"काय फिरव?"

"लॉरी फिरव. मले कारंज्याले ने. चांद्या येते मांगून, त्याले काय वाट दाखवा लागते? आपन पुढे जाऊन फाटकाशी त्याची वाट पाहू. धरमसिंग, तू बस गाडीवर. अन् कासरा वढू नोको, त्याले राग येते."

धरमसिंग लॉरीवरून उतरून बैलगाडीवर चढला. कापसावर पाय लांब करून त्यानं एक सुस्कारा टाकला, आणि गाडी वळणावर जायच्या आत तो घोरायला लागला असं मागचे धुरकरी सांगतात.

जगदेवनं लॉरी वळवली. बाप शेजारी बसला होता. अवघडून, दोन्ही हातांनी पुढची कडी धरून, आंघोळीला बसवलेल्या पोरासारखा. जगदेवनं आपलं सगळं कसब पणाला लावलं. चाक खड्ड्यात जाऊ दिलं नाही, गिअर खडखडू दिला नाही. पिवळा उजेड धुक्यातून पुढे पुढे सरकत होता आणि जगदेवच्या मनात इतका आनंद दाटला होता की बोलावं की गप्प राहावं ते त्याला कळत नव्हतं. कडेचा एक ससा उजेडात आला आणि न पळता उभा राहिला. बापाला दाखवावं, असं त्याला फार वाटलं. कारंज्याच्या वेशीत शिरताना भोंगा जोरानं वाजवायचा हे तर त्यानं वर्षापूर्वीच ठरवून ठेवलं होतं.

"बा," तो म्हणाला, "पाह्य, ससा."

उत्तर आलं नाही. जगदेवनं वळून पाहिलं. पुंजाजीचे हात कडीवरून सुटून मांडीवर आले होते, पागोटं कानावर घसरलं होतं, आणि तोंड अर्धवट उघडं टाकून म्हातारा चक्क झोपला होता.

जगदेवनं भोंग्यावरचा हात काढून घेतला. वेस आली, बाजार आला, रस्त्यात माणसं आली, एक गाढव आडवं आलं. त्यानं लॉरी थांबवली, गाढव जाऊ दिलं, आणि फॅक्टरीचं फाटक येईपर्यंत भोंगा एकदाही वाजवला नाही.